कमी मिठाची काडतुसं

सोम. २ मार्च
आधी सगळ्यांची तब्येत. ह्यांचा खांदा: ऑपरेशनची जखम भरली, पण दुधाचा कॅन उचलताना तोंड वाकडं होतंच. माझे गुडघे: कुरकुरतात, चालतात. तिकडे रोटोटुनाला मुलाची, मंदारची, पाठ: तशीच. नातीला सर्दी, फोनवर म्हणते, "आय अ‍ॅम गुड, आज्जी." लिंबाचं झाड: ठीक.

फिजिओबाईंनी स्पष्ट सांगितलं, रायफलचा दणका ह्या खांद्याला नको. हे म्हणाले, दणका नाही ती रायफल कसली.

काडतुसं भरण्याचं काम गॅरेजमध्ये माझंच. लायसन्स दोघांनी एकदम काढलं, पण काट्यावर पावडर तोलायचा धीर ह्यांना नाही. नेमबाजीच्या क्लबातल्या ग्रॅहमने हात धरून शिकवलं, बाकी पुस्तकं वाचून माझं मी. पुस्तकात हलक्या भाराचं, म्हणजे कमी पावडर आणि कमी दणका, असं वेगळं पान आहे.

ह्यांना बीपी निघालं तेव्हा आमटीतलं मीठ न सांगता उतरवलं होतं. आजवर कळलं नाही. तसंच करावं म्हणते.

बुध. ४ मार्च
भरली. ग्रॅहमचं सांगणं डोक्यात पक्कं: कमी भरलं म्हणजे सुरक्षित, असं नाही, पुस्तकातल्या आकड्याच्या खाली जायचं नाही. गेले नाही. डब्यावर मात्र जुनंच लेबल ठेवलं. हात जरा अडला.

शनि. ७ मार्च
रेंजवर. जवळचं टार्गेट. एकदाही खांदा धरला नाही. येताना गाडीत शीळ. "त्या फिजिओला काय कळतंय," म्हणाले. मी खिडकीबाहेर बघून हसले.

शनि. १४ मार्च
आज लांबचं टार्गेट. गोळ्या सगळ्या वीतभर खाली, पण मुठीत मावतील इतक्या जवळजवळ. म्हणजे हात स्थिर, डोळा स्थिर. चूक माझी. हलक्या भाराची गोळी लांबवर खाली उतरते, आणि रायफलवरची दुर्बीण लावलेली जुन्या भाराला. माहीत होतं मला. मिठाच्या पलीकडे डोकंच चाललं नाही.

ह्यांनी चष्मा पुसला. परत मारल्या, परत खाली. ग्रॅहमने विचारलं, काडतुसं बदललीस का? हे म्हणाले, "नेहमीचीच. हिच्या हातची. त्यात चूक नसते."

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी रिकामी काडतुसं वेचत राहिले.

मंगळ. १७ मार्च
सकाळी एकेक डोळा झाकून भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. मग ग्रॅहमला फोन: रायफल विकत घेतोस का. हरणांच्या शिकारीच्या मोसमात डोंगरावर येत नाही म्हणे, नीट दिसत नसताना जनावर जखमी करून सोडायचं पाप नको.

देश सोडून इथे हॉर्नबीत आलो तेव्हा कितीतरी दिवस हा माणूस घराबाहेर कुणाशी बोलला नव्हता. त्या शनिवारच्या रेंजने माणसांत आणलं. आणि मी…

गुरु. १९ मार्च, पाडवा
गुढी डेकवर, पडद्याच्या दांडीची. कडुनिंब इथे कुठला. श्रीखंडाची वाटी पुढ्यात ठेवली आणि सांगून टाकलं. डोळे ठणठणीत आहेत तुमचे, भार मी उतरवला, आमटीतलं मीठ उतरवते तसा.

ह्यांनी चमचा वाटीत ठेवला.

"आमटीतपण?"

हो म्हटलं.

"मी नाहीच म्हटलं असतं, ते सोड," म्हणाले. "पण विचारायचंस."

उठून गेले. श्रीखंड तसंच.

शनि. २१ मार्च
अबोला. जेवतात, पण पहिला घास घ्यायच्या आधी आमटीत वरून मीठ, माझ्याकडे बघत. रेंजवर गेले नाहीत. ग्रॅहम येऊन गेला. त्याला हे रायफलचं नंतर कळवतो म्हणाले. नाही म्हणाले नाहीत, हो पण नाही.

दुपारी दोन डबे भरून गॅरेजच्या कपाटात ठेवले, खऱ्या लेबलांचे. एक 'पूर्वीची', एक 'हलकी'. कुलूप लावून किल्ली ह्यांच्या ताटाशी. डब्यांवर चिठ्ठी:

"दोन्ही माझ्याच हातची. हलकी घेतलीत तर दुर्बीण नव्याने लावून घ्या. पूर्वीची घेतलीत तर खांदा तुमचा, मी बोलणार नाही. कुठली, ते खाली लिहा. पण लवकर लिहा, मोसम तोंडावर आलाय."

आत्ता गॅरेजचं दार वाजलं. कपाट उघडल्याचाही आवाज आला. मी इथे स्वयंपाकघरात.

पेन मुद्दामच तिथे ठेवलेलं नाही. लिहायचं तर मागायला आत यावं लागेल.