मनुबाईच्या सतरा कोंबड्या जिवंत राहिल्याबाबत

मौजे शिरखार,
ता. ५ एप्रिल १९३४

प्रति,
मेहेरबान गुरांचे डॉक्टरसाहेब,
तालुक्याचा गुरांचा दवाखाना,
मु. खारबंदर, जिल्हा कुलाबा.

विषय : कोंबड्यांच्या रोगाचे नाव लेखी मिळणेबाबत, व बहिणीच्या कोंबड्या न मेल्यामुळे तिच्यावर आलेला आळ दूर होणेबाबत.

संदर्भ : (१) माझा अर्ज ता. २३ मार्च, शेरा मारून परत. (२) माझा अर्ज ता. २९ मार्च व सोबतची मेलेली कोंबडी, दोन्ही परत. (३) मीठ खात्याची नोटीस ता. २ एप्रिल.

महोदय,

अर्जदार धर्माजी बाळाजी गावंड, वय बेचाळीस, धंदा मिठागरावर मुकादमी, शिक्षण मराठी चौथी, आपणास तिसऱ्यांदा लिहीत आहे. पहिल्या दोन अर्जांत भाषा सौम्य होती. या अर्जात ती तशी राहील याची हमी देता येत नाही, त्याबद्दल आगाऊ क्षमा असावी.

१. आमच्या गावी मार्चच्या आरंभी वेणूबाई पाटलीण यांच्या कोंबड्या मरू लागल्या. कोंबडी आधी पंख सोडून कोपऱ्यात बसते, मग चोच उघडून श्वास घेते, हिरवी-पांढरी हगते, आणि शेवटी मान अशी पिळते की डोळे आभाळाकडे आणि पाय भलतीकडे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खेळ खलास. लसूण झाला, हळद झाली, माझी पत्नी राही हिने कडुनिंबाचा धूर इतका केला की आम्हीच घराबाहेर निजलो. कोंबड्यांना काडीचा उतार पडला नाही.

२. तेव्हा गावाने भगताला विचारले. भगताने सांगितले की अमावास्येस भर दुपारी प्रत्येक घरातून एक कोंबडी गावदेवीपाशी आणावी, सगळ्या एका मोठ्या डालग्याखाली कोंडाव्या, त्यावरून अंगारा उतरावा आणि ज्याची कोंबडी त्याने घरी न्यावी, म्हणजे देवीची राखण घरोघर पोचेल. त्याप्रमाणे एकोणचाळीस कोंबड्या दोन तास एका डालग्याखाली होत्या. वेणूबाईंची कोंबडी त्यांतच होती व तिची मान त्याच वेळी वाकडी होती. डालगे उलटू नये म्हणून त्यावर हात ठेवून मी स्वतः बसलो होतो. हे मी कोणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही, लाज वाटते म्हणून लिहितो.

३. पाचव्या दिवसापासून एकोणचाळीसही घरांत मर सुरू झाली. माझ्या बावीस गेल्या, मान वाकडी झालेली एक तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, तेवढी उरली.

४. गावात घरे चाळीस आहेत. चाळिसावे घर माझी थोरली बहीण मनुबाई हिचे. ती विधवा असून मिठागराच्या बांधावर, खाडीच्या अंगाला एकटी राहते. अमावास्येच्या उधाणाने भर दुपारी बांधाची वाट पाण्याखाली गेली, त्यामुळे तिला कोंबडी घेऊन येता आले नाही. तिच्या सतराच्या सतरा कोंबड्या ठणठणीत आहेत.

५. यावरून कोणीही काय समजेल ते मी समजलो. खरूज झालेल्या पोराला बाकीच्या पोरांबरोबर एका गोधडीत निजवले तर सगळी खाजवत उठतात, हे कळायला डॉक्टर व्हावे लागत नाही. पण गाव उलटे समजले. भगत म्हणाला, "जिची कोंबरी देवीपाशी आली नाय, तिचाच हात हाय." मी गावकीत उभा राहून डालग्याचे सांगितले, तर उत्तर मिळाले, "धर्माजी, बहिनीला वाचवाला देवीला रोगट म्हनतस?"

६. आता बायका मनुबाईला चेटकीण म्हणतात. खारीत गोड्या पाण्याची विहीर एकच, ती गावात. तेथे ही गेली की बाकीच्या आपले हंडे बाजूला घेतात. येत्या अमावास्येस, म्हणजे ता. १३ रोजी, गावकी बसून तिला वाळीत टाकणार. वाळीत टाकले की विहीर बंद, आणि विहीर बंद झाली की खाडीचे पाणी पिऊन माणूस किती दिवस काढील ते आपण डॉक्टर आहात, आपणास ठाऊक. ती मला म्हणाली, "माज्या मेल्या नाय हा माजा गुना? मी का त्यांचे गले दाबू?"

७. म्हणून ता. २३ रोजी आपल्याकडे अर्ज केला की येऊन पाहावे. त्यावर शेरा आला : "कोंबडी हे जनावर नसून पक्षी आहे, सबब या दवाखान्याचे काम नाही." मी जंगल खात्याकडे गेलो. ते म्हणाले, घरात पाळलेला पक्षी तो पक्षी नव्हे, ते जनावर, गुरांच्या दवाखान्यात जा. अशा रीतीने आमची कोंबडी सरकारदरबारी कोणीच नाही. मरते मात्र खरीखुरी.

८. पुन्हा आपल्या कचेरीत आलो तेव्हा कारकून साहेबांनी कृपा करून सांगितले की मेलेली कोंबडी आणून दिल्यास वर तपासणीस पाठवता येईल. आमच्या गावाहून खारबंदरास होडीने जावे लागते, भरती-ओहोटी सांभाळता दीड दिवस मोडतो, आणि दिवस मार्चचे. मेलेली वस्तू नासू नये म्हणून काय करतात हे मिठागरावरच्या माणसाला विचारावे लागत नाही. मी कोंबडी सुरमईसारखी पोट फाडून, धुऊन, तीन शेर मिठात नीट भरून आणली. आतडी राहीने मांजराला टाकली. आपल्या कचेरीचा शेरा : "तपासणीस हवा तो भाग टाकून दिलेला असून बाकीचा खारवलेला आहे, सबब निरुपयोगी." चूक माझी, कबूल आहे. पण मासा खारवणाऱ्याच्या हाती कोंबडी पाठवायला सांगताना एवढे एक वाक्य जास्त बोलले असते तर कारकून साहेबांचे तोंड दुखले नसते.

९. परत येताना धक्क्यावर मीठ खात्याच्या नाकेदाराने टोपली उघडून पाहिली. कोंबडीबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. मिठाबद्दल नोटीस आली : विनापास तीन शेर मीठ आगराबाहेर कसे नेले, याचा खुलासा द्यावा. मी खुलासा दिला की मीठ कोंबडीसाठी होते. त्यावर विचारणा झाली की कोंबडी कशाने मेली याचा दाखला जोडावा. तो दाखला मिळावा म्हणूनच तर मीठ लागले होते, महोदय! आता हे वर्तुळ कोठे फोडावे ते मला उमगत नाही.

१०. माझे मागणे फार थोडे आहे. औषध मागत नाही, भरपाई मागत नाही. रोगाला एक नाव द्या. मराठी, इंग्रजी, कोणतेही चालेल. "हा रोग एकीपासून दुसरीस लागतो, त्यात माणसाचा हात नाही" एवढे लिहून खाली सही-शिक्का करा. आमच्या गावात माझ्या तोंडाला किंमत नाही, पण सरकारी शिक्क्याला भगतही पागोटे काढतो. कृपा करून हे ता. १३ च्या आत व्हावे.

पुरवणी, ता. १२ एप्रिल.

११. वरील अर्ज शुद्धलेखन तपासण्यासाठी मास्तरांकडे ठेवला होता. मास्तर आजोळी गेले व अर्ज त्यांच्या पेटीत राहिला. काल ते आले. दरम्यान घडलेले पुढे लिहितो.

१२. ता. ६ रोजी मनुबाई माझ्या घरी आली होती. ती गेल्यावर वाकड्या मानेची तलंग दिसेना. राहीला वाटले, मांजराने नेली. ता. ९ रोजी मनुबाईच्या खुराड्यात पहिली कोंबडी पंख सोडून बसली. आज सकाळपर्यंत सोळा गेल्या. मी विचारले तेव्हा तिने काही लपवले नाही. "पदराखाली नेली र. आत सोरली आनि कडी लावली. आता झाला ना सगल्यांसारखा?" ज्या कोंबड्यांना ती नावाने हाका मारी, त्या तिने अशा मारल्या.

१३. गावाचे समाधान झाले. वेणूबाई स्वतः पेज घेऊन बांधावर आल्या व गळ्यात पडून रडल्या. मनुबाईचा हंडा त्यांनीच भरून दिला. उद्याची बैठक रद्द झाली. भगत म्हणतो, देवीने न्याय केला.

१४. आपली कचेरी म्हणेल, मग अर्ज निकाली निघाला. तो निघालेला नाही. सतरावी कोंबडी खुडूक होती. ती एकवीस दिवस खोपटातल्या फळीवर झाकल्या डालग्यात अंड्यांवर बसून होती, खुराड्यात गेलीच नाही. तिला काही झालेले नाही. काल तिची नऊ पिल्ले बाहेर आली. मनुबाई म्हणते, सोळांना मारले तेवढे पुरे, हिला हात लावणार नाही. मीही लावणार नाही. पण गावात एकाही घरी कोंबडी उरली नसताना हिच्या घरी दहा जीव आहेत, हे कळल्यावर गाव काय म्हणेल ते वर कलम ५ मध्ये लिहिले आहेच.

१५. तरी रोगाचे नाव आता पूर्वीपेक्षाही निकडीने हवे आहे. उत्तर शिपायाबरोबर तोंडी पाठवू नये, पाकिटात बंद करून माझ्या नावे यावे. शक्य तितक्या लवकर यावे. पिल्लांचा आवाज आजच कालपेक्षा मोठा आहे. समाचाराला रोज कोणी ना कोणी येते. मनुबाई डालग्यावर गोधडी टाकून शेजारी बसते, आणि दारात पाऊल वाजले की खोकू लागते.

आपल्या सहीची वाट पाहणारा
नम्र अर्जदार,
धर्माजी बाळाजी गावंड
(सही)

सोबत :
(१) परत आलेले दोन अर्ज, शेऱ्यांसह.
(२) मीठ खात्याच्या नोटिशीची नक्कल.
(३) कोंबडी : या खेपेस जोडलेली नाही.