त्रास: द्यायचा आणि घ्यायचा

रविवार, संध्याकाळ. अंधेरी.

दोन वर्षं मला वाटत होतं, गुडघे दुखतात म्हणून आई मुलुंडहून येत नाही. आधी दर रविवारी आंबोळ्यांचा डबा घेऊन यायची. आज तिच्याकडे गेले तेव्हा विचारलं, पहिल्यांदाच. तर म्हणाली, "तूच लिहिलं होतंस ना, मला बॉदर करू नको म्हणून."

मी? मग आठवलं. ऑफिसच्या गडबडीत मेसेज टाकला होता, 'डोन्ट बॉदर, आई.' म्हणजे एवढा त्रास घेऊ नकोस. तिने माझ्या भाचीला अर्थ विचारला. भाचीने सांगितलं, बॉदर म्हणजे त्रास देणं. चुकलं कुठे तिचं? मराठीत लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं माझं? घेऊ नकोस. एवढंच तर लिहायचं होतं.

आणि तो डबा. तिच्या फळीवर पालथा पडलेला.

सगळं समजावलं. ती हसली. म्हटलं, "पुढच्या रविवारी ये ना. मी न्यायला येते."

"नको गो," आई म्हणाली. "डोन्ट बॉदर." मग माझ्याकडे बघून, "आता बरोबर वापरला ना?"

अगदी बरोबर वापरलास, आई.