हात आवळला अन् टोपी झाली

सोमवार, दिवेलागण

आज समाजमंदिरात आमी बाया क्रोशा शिकाले बसलो होतो. मले गोल रुमाल विनायचा होता. पर जन्मभर गोधड्या शिवल्या, दोरा आवळाची सवय जाते का? कडा वर उठल्या अन् रुमालाची टोपीच झाली!

शिकवनारी पोरगी म्हने, "आजी, हात ढिला सोडा नं."

शेजारची शांता म्हने, "काहून सोडते वं? तुह्या अकोल्याच्या नातीले आठवा महिना लागला. बाळाची टोपी झाली!"

साऱ्या हासल्या. मी बी हासली, अन् मंग आठवलं. लेकरू व्हायच्या आधी त्याच्यासाठी नवं काही शिवत नाही, विनत नाही आपल्यात. उसवून टाकू का? पर माह्या हातची पयलीच वीन, अन् किती सुबक!

घरी येऊन दोन डाव उसवाले दोरा धरला, दोन डाव सोडला. आता तांब्यावर पालथी घातली हाये. बाळंतपन होईपर्यंत ते तांब्याचं झाकन, टोपी नाहीच.

तरी जाता-येता हात लावून पाहून राहिली मी. बाळाचं डोकं तांब्याएवढंच असते नं?