विहिरीत शिकलेलं पोहणं

ती. आबा, पाया पडतो.

तनुजाच्या बाबतीत तुमचं आपलं अजून तेच! पोरगी मोठी झाली, आता विहिरीत उतरायचं नाय. मग आम्हा दोघा भावंडांना पाठीला डबा बांधून पोहायला शिकवलं कुणी?

इथं गोव्यात हॉटेलचं काम बरं चाललंय, काळजी करू नका. रविवारी मी ट्रायथलॉनला उतरलो. आधी समुद्रात पोहायचं, मग सायकल, मग पळायचं, सगळं एका दमात.

आबा, समुद्राला पल्याड काठच नाय! मला विहिरीत गोल फिरायची सवय. तसाच वळत वळत भलतीकडं निघालो. लई घाबरलो, आईला सांगू नका. तेवढ्यात एक बाई ओरडल्या, "अरे बाळा, किनारा इकडे! माझ्यामागे ये."

वय आपल्या द्वारकाआत्याएवढं, साठीच्या घरातलं. बाहेर आल्यावर वाटलं, आता दमून बसतील. त्या सायकलवर टांग टाकून गेल्यासुद्धा! मी दौलताबादचा घाट चढणारा, पण शेवटपर्यंत त्यांना गाठता आलं नाय.

तनुजा माझ्यापेक्षा चांगली पोहते, हे तुम्हालाबी ठाऊक हाय. तिला उतरू द्या. आईचा गुडघा कसा हाय?

तुमचा विश्वजीत

तनुजाच्या पोहायच्या कपड्यासाठी पंधराशे रुपये पाठवतोय.