कादंबरी संपेपर्यंत

४ जून

पोचले एकदाची! फेरीबोटीत शेजारी एक मेंढी होती, आणि लाटांवर ती माझ्यापेक्षा शहाण्यासारखी वागली. चिलोए बेटावर उतरले तेव्हा पाऊस, घराच्या दारात आले तेव्हा पाऊस, आत्ता लिहितेय तेव्हाही पाऊसच. पण मी खूश आहे. घरी, वाल्दिव्हियातही पाऊसच होता, आणि तिथे त्याच्या जोडीला तपासायला नववीचे इतिहासाचे पेपर होते.

घर समुद्रात रोवलेल्या लाकडी खांबांवर उभं आहे. पुढचं दार रस्त्यावर उघडतं, मागची बाजू सरळ पाण्यावर. माझी खोली वर, मागच्या अंगाला. टेबल, पलंग, लोखंडी शेगडी, एक खिडकी. भरती आली की पाणी खांबांना लागून चुबूक चुबूक वाजतं. अगदी हवं होतं तसं.

मालकीण क्लोरिंदाबाई. साठीच्या, ठेंगण्या, हात कोपरापर्यंत पिठात. खोलीच्या जाहिरातीत ‘लिहिणाऱ्यांना प्राधान्य’ असं का छापलंत, म्हणून मी विचारलं. म्हणाल्या, लिहिणारी माणसं भांडत नाहीत, पाहुणे आणत नाहीत आणि संध्याकाळी ऐकायला काहीतरी देतात. माझ्या खोलीच्या बरोबर खाली त्यांची आई असते, अंथरुणाला खिळलेली. तिला गोष्टींचं भारी वेड. मी वाचायला पानं द्यायचं कबूल केलं. त्यांनी ताटात बटाट्याचे गरम मिलकाओ वाढले, वर आणखी दोन वाढले.

आता कादंबरीबद्दल. फिदेलिया, तारघरात काम करणारी मुलगी, शंभर वर्षांपूर्वी उत्तरेच्या वाळवंटात, सोऱ्याच्या खाणीत हरवलेल्या भावाला शोधायला निघते. मागच्या उन्हाळ्यात सुचली तेव्हा मी बसमध्ये लिहीत होते, स्टाफरूममध्ये लिहीत होते, भाजी करपत होती तरी लिहीत होते. मग काय झालं कोण जाणे. एखाद्याच्या प्रेमात पडावं आणि वर्षभराने त्याचेच मोजे वाळत घालत बसावं, तसं झालं. बिचारी फिदेलिया कित्येक महिने एका रेल्वे फलाटावर ट्रंकेवर बसून आहे. या जून-जुलैच्या हिवाळ्यात तिला उठवायचंच. शाळेतून बिनपगारी रजा काढलीय.

९ जून

एक ओळ नाही. शेगडीचा पाइप साफ केला. सगळ्या पेन्सिलींना टोकं काढली (मी पेननं लिहिते). शिंपल्या विकणारा बेलार्मिनो खिडकीखाली होडी आणतो, त्याच्याशी मनसोक्त गप्पा मारल्या. बहिणीला फोन लावला. नेल्दाने विचारलं, ‘संपली का गं एकदाची?’ असं विचारलं की मी फोन ठेवून देते.

मग मीच एक शक्कल काढली. मीच काढली, हे इथे लिहून ठेवते, उद्या श्रेय घ्यायला बरं. क्लोरिंदाबाईंना म्हटलं, सकाळी मला बाहेरून कुलूप घाला आणि जेवायच्या वेळी उघडा. फोन घ्या. आणि हे बूटही घ्या, नाहीतर मी फिरायला पळेन. मी विनवण्या केल्या, रडले तरी ऐकू नका. कादंबरी संपेपर्यंत मला सोडायचं नाही. त्या इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, हे मागणारी तू पहिली नाहीस, पोरी.

१२ जून

फिदेलिया फलाटावरून उठली!

आणि एक गंमत. दुपारच्या चहानंतर क्लोरिंदाबाई पानं खाली घेऊन गेल्या. फळ्यांमधून त्यांचं वाचन ऐकू येत होतं. वाचतात छान, ठसक्यात. पानं संपली. मग एक जुनाट, कोरडा आवाज आला, ‘आणि मग?’

अंगावर काटा आला, आनंदाने. संपली का, असं सगळे विचारतात. पुढे काय झालं, असं वर्षभरात मला कुणीही विचारलं नव्हतं.

२० जून

शाळकरी मुलगी असताना लिहायचे तशी लिहितेय. हल्ली जेवणही वरच येतं, मीच म्हटलं होतं की खाली उतरलं की तंद्री मोडते. कुलूप संध्याकाळपर्यंत. म्हातारीला एकदा भेटू का, म्हणून विचारलं. क्लोरिंदाबाई म्हणाल्या, आई लाजते, दात नाहीत तिला. मग म्हणाल्या, तू लिही, तुझं लिहिणं हेच तिचं भेटणं.

रोज तो एकच प्रश्न. मी त्याच्यासाठीच लिहितेय म्हटलं तरी चालेल.

२७ जून

आज सकाळी संपली. खरंच संपली. फिदेलियाला भाऊ सापडतो, म्हणजे त्याची कबर सापडते, पत्र्याचा क्रूस असलेली. ती तिथे बसते आणि त्याला घरच्या सगळ्या बातम्या सांगते. शेवटचं वाक्य लिहून मी टेबलावर डोकं टेकून रडले. किती हलकं वाटत होतं! क्लोरिंदाबाईंना हाक मारून बूट मागितले, शनिवारच्या बोटीने निघते म्हणाले.

त्यांनी शेवटचं प्रकरण तिथेच उभ्याने वाचलं. खाली नेलं नाही. म्हणाल्या, हे चुकलंय, ती त्याची कबर नाही. मी हसले. त्यांनी शेगडीचं दार उघडलं आणि पानं आत घातली. माझ्या डोळ्यांदेखत. रागावल्या नव्हत्या. करपलेली भाकरी टाकून द्यावी तशी टाकली.

‘तो मेला नाही. अफवा होती ती. पुढचं लिही.’

आणि कुलूप लागलं.

२९ जून

समजावलं, हात जोडले, ओरडले. दारावर खुर्ची आपटली, दार जाडजूड आहे. त्या बाहेर उभ्या राहून शांतपणे सांगतात की अगं, तूच म्हणाली होतीस ना, रडले तरी सोडू नका म्हणून? मग आता रडतेस, तर मी काय करू?

कादंबरी संपलीय, असं मी म्हटलं. त्यांचं म्हणणं, संपली असती तर आईने विचारलं असतं का, आणि मग?

फोन मागितला. नेल्दाला त्यांनीच माझ्या नावाने निरोप धाडलाय: काम जोरात आहे, मुक्काम वाढवतेय, फोन करू नकोस. नेल्दाचं उत्तर त्यांनी दाराबाहेरून वाचून दाखवलं. किती बरं वाटलं गं ऐकून, असं लिहिलंय तिने.

२ जुलै

बेलार्मिनोची होडी दिसली. खिडकी उघडून ओरडले, मला कोंडलंय, या दोघी मायलेकींनी मला कोंडलंय! त्याने वल्हं थांबवलं. दोघी कोण, म्हणाला. मी म्हटलं क्लोरिंदाबाई आणि त्यांची आई. त्याने छातीवर क्रूस केला. म्हणाला, बाई, असली थट्टा करू नका. म्हातारीची शवपेटी मी स्वतः खांद्यावर वाहिलीय. देवळाला नवं छप्पर घातलं त्या वर्षी. हलकी लागली होती, इतकंच आठवतं.

तेवढ्यात खालून स्वयंपाकघराची खिडकी उघडल्याचा आवाज. क्लोरिंदाबाई हसत सांगत होत्या, कादंबरीतला प्रसंग मोठ्याने म्हणून बघतेय रे, रोज असंच ओरडते, शिकलेली माणसं ही! तोही हसला. मला हात केला. ‘झकास जमलंय, बाई, माझ्या अंगावर काटा आला!’ आणि गेला.

मी ओरडत राहिले. तो लांबून टाळ्या वाजवत होता.

संध्याकाळी त्यांनी हातोडा आणला, दाराला आतून कुलूप घातलं आणि खिडकीवर फळ्या ठोकल्या. तोंडात खिळे धरून गुणगुणत होत्या.

जुलै, दुसरा आठवडा असावा

लिहितेय. लिहिलं की जेवण येतं. भाऊ जिवंत आहे. भाऊ जहाजावर चढलाय. जहाज पेरूला गेलंय. एक वाईट प्रकरण, त्याहून वाईट दुसरं. त्यांना चालतं. लांब असलं की झालं.

जर खाली कुणीच नाही, तर विचारतं कोण? क्लोरिंदाबाईच आवाज काढत असतील. एकटी बाई, डोक्यावर परिणाम झालेला. हे मी स्वतःला दिवसभर सांगते. मग पानं संपतात आणि तो आवाज येतो, आणि तो त्यांचा नाही.

पलंगाखाली जमिनीच्या फळीत लाकडाची एक गाठ आहे. सैल. जेवणाच्या काट्याने उकरतेय.

जुलै

गाठ निघाली.

खाली पलंग. लोकरीच्या शाली, एकीवर एक. उशीवर चेहरा — वाळवलेल्या सफरचंदासारखा, मुठीत मावेल एवढा. डोळे मिटलेले. छाती हलत नव्हती. मी किती वेळ पाहत होते. हलत नव्हती.

क्लोरिंदाबाईंनी वाचून संपवलं. मग पुढे वाकून तिच्या गालावर चापट्या मारायला लागल्या, हळू, लहान मुलाला उठवतात तशा. ‘आई. झोपायचं नाही हं. विचार ना. गोष्ट राहिलीय, आई. विचार.’

ओठ हलले. बाकी काही नाही, नुसते ओठ —

‘आणि... मग...’

आणि क्लोरिंदाबाईंनी तिचा हात गालाशी धरला आणि इतक्या आनंदाने रडल्या, मी असं कुणाला रडताना पाहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी

क्लोरिंदाबाई सकाळी बाजाराला गेल्या. पुढचं दार वाजलं. मी भोकाशी.

म्हातारीचे डोळे उघडे होते. सरळ वर, माझ्याकडे.

तिने पोरी म्हटलं. मग म्हणाली, संपव. ही जाऊ देत नाही, प्रत्येक वेळी वाटेवरून हाक मारून परत आणते. लिहिणारे येतात, दमतात, जातात — कुठे जातात ते बोलली नाही. मी विचारलं. डोळे पाण्याच्या बाजूला वळले.

‘संपव गं. मी फार दमलेय.’

—

आजवर मला वाटायचं, मन लागत नाही म्हणून कादंबऱ्या अडतात. शेवटाची वाट पाहणारं कुणी असलं की अडत नाही. शेवट मी या रोजनिशीच्या मागच्या पानांवर लिहितेय, त्यांना दिसू नये म्हणून. दिवसा त्यांच्यासाठी खोटी प्रकरणं, पहाटे हा. जहाज परत आणलं. भाऊ परत आणला. मग कबर. पत्र्याचा क्रूस. या वेळी रडले नाही. पहिल्यापेक्षा चांगलं झालंय. माझ्या हातून इतकं चांगलं कधीच —

बाजाराच्या दिवशी

त्या गेल्या. मी जमिनीवर पालथी पडले, भोकाला तोंड लावलं आणि वाचलं. सगळं. घसा सुकला तरी थांबले नाही. फिदेलिया कबरीजवळ बसते, आईचं सांगते, कुत्र्याचं सांगते, अंगणातल्या अंजिराचं सांगते, आणि सांगण्यासारखं काही उरत नाही, तेव्हा उठते, झगा झटकते आणि घरी जाते.

संपलं, म्हटलं.

खाली म्हातारीने श्वास सोडला. श्वास होता तिच्यात, इतका वेळ कोंडून ठेवलेला.

‘छान झालं,’ म्हणाली.

चेहरा पडला. म्हणजे — शाली खाली बसल्या. उशीवर धूळ आणि केसांची जुडी.

मी दारावर धडका मारल्या. आता तरी. आता क्लोरिंदाबाईंना माझं काय काम?

त्याच दिवशी

आल्या. खाली गेल्या. किंकाळीची वाट पाहिली. आली नाही.

जिन्यावर काहीतरी ओढत आणल्याचा आवाज. दार उघडलं. रागावल्या नव्हत्या. डोळे सुजलेले. आई गेली, म्हणाल्या. मी म्हटलं, मला वाईट वाटतं, पण माझे बूट द्या. त्यांनी माझे केस सारखे केले. म्हणाल्या, अगं, आयुष्यभर मीच वाचून दाखवलं. आईला आवडतंय का, तिला झोप लागतेय का, याकडेच लक्ष. गोष्ट अशी मी एकदाही ऐकली नाही.

मग एकेक वस्तू आत. बटाट्याचं पोतं. सरपण. पाण्याची पिंपं. कागद — गठ्ठेच्या गठ्ठे.

मी दाराकडे धावले. त्या ठेंगण्या आहेत पण हात — पिठाचे हात — पलंगावर आपटलं मला. दार. कुलूप. मग खाली स्वयंपाकघराची खिडकी उघडली, आणि पाण्यात काहीतरी लहानसं पडलं. किल्ली.

नंतर

त्या खाली, आईच्या जागी. शाली ओढून घेतल्यात. डोळे उघडे, वर. जेवत नाहीत. उठत नाहीत. म्हणतात, मला भूक नाही, पोरी, मी ऐकेन.

गाठ पुन्हा बसवली. आवाज येतोच.

—

पोतं निम्मं

ओरडून पाहिलं. बाहेरून टाळ्या.

—

त्या हल्ली बोलत नाहीत. आवाज कोरडा झालाय. एकच शब्द म्हणतात, सुरुवात. सुरुवात कर.

करणार नाही.

—

करणार नाही. सुरू केलं तर —

—

फक्त एक वाक्य लिहिलं. त्या गप्प बसाव्यात म्हणून. भोकातून वाचून दाखवलं.

आणि देवा — छातीत धडधडतंय, बोटं गरम झालीत, मागच्या उन्हाळ्यासारखी. पुढचं दिसतंय मला, सगळं दिसतंय, हात थांबत नाही, बटाटे उकळायचे राहिलेत, थांबत नाही — समुद्रावरच्या एका घरात एक बाई राहत होती, तिला एक मुलगी होती, आणि ती मुलगी