डिस्चार्ज म्हणजे नेमकं काय?

बीड, मार्गशीर्ष वद्य षष्ठी, मंगळवार

दवाखान्यात अक्काचा जखमेनं सुजलेला पाय बघून डाक्टरसाहेब कंपौंडरला इंग्रजीत काहीतरी बोलले. मला त्यातला 'डिस्चार्ज' एवढाच शब्द लक्षात राहिला. तिथंच विचारायची हिंमत कावून झाली नाही माझी?

वाटेत वकीलसाहेब भेटले. म्हणाले, "डिस्चार्ज म्हणजे सुटका. कोर्टात आरोपी सुटतो तसा." मी हरखून घरी आलो. तर शेजारचा रामजी, लष्करातून परतलेला, म्हणाला, "मला डिस्चार्ज दिला तो निकामी झालो म्हणून बे!"

सुटका, की निकामी? अक्काला बरी म्हणून सोडणार, की हात टेकले म्हणून? आईच्या माघारी मला तिनंच वाढवलं.

शेवटी परत दवाखान्यात गेलतो. कंपौंडर म्हणाला, "अहो, जखमेतून पू वाहतोय, त्यालाबी डिस्चार्जच म्हणत्यात. वाहू द्या. ताप उतरला तर पाय वाचंल."

तर! म्हणजे नक्की न्हाई.

अक्का मला बघून म्हणाली, "कावून रडायलास रं? मला लई हलकं वाटतंय."

मी तिच्या कपाळाला हात लावला. अजून चटका बसत होता.