खिळा ठोकू नये

शाहूपुरी, कोल्हापूर

ती. रुद्राणीअक्कास धाकटा भाऊ शंकरप्पाचा शरणार्थ. तुझा गुडघा, तुझी म्हैस आणि तुझ्या सुनेचं तोंड ही तिन्ही ताळ्यावर असतील असं धरून चालतो. फोनच केला असता, पण फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेल्या निम्म्याला तू "व्हय व्हय" म्हणून ठेवून देतेस. माझं उजवं मनगट मोडलंय, पडताना वाचायचा चष्माही फुटला, म्हणून हे पत्र चिरंजीव सोमेशकडून लिहून घेतोय. अक्षर त्याचं, मत माझं. (आत्या, कंसातलं माझं. आप्पांना चष्म्याशिवाय वाचता येत नाही, म्हणून हे धाडस. – सोमेश)

आता पडलो कसा ते ऐक, म्हणजे थोराड पोरगं घरात ठेवणं किती जोखमीचं असतं ते तुला कळेल. पुण्यातली नोकरी गेल्यावर हा परत आला, ते तुला माहीत आहे. ह्याच्या आईला, सौंदर्याला, जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. दारात बॅग ठेवली आणि मला म्हणाला, "आप्पा, फुकट न्हाय राहणार. भाडं देतो, घरातली कामं करतो." बापाला कुणी असं म्हणतं का? माझं डोकंच फिरलं. म्हटलं, भाडेकरू व्हायचंय ना, मग रीतसर हो. वरच्या खोलीचा जुना करार काढला, आधीच्या भाडेकरूचं नाव खोडून ह्याचं घातलं. मुदत अकरा महिने. भिंतीत खिळा ठोकू नये. सकाळी पाणी भरावं, जिना झाडावा. हाक मारून होकार आल्याशिवाय घरमालकाच्या घरात पाऊल टाकू नये. मला वाटलं, हसेल आणि फाडून टाकेल. गड्यानं खाली सही ठोकली. (मला वाटलं, आप्पा हसतील आणि फाडतील.)

आणि पाळतो गं अक्का, अक्षर न् अक्षर पाळतो! इचलकरंजीत एका यंत्रमागाच्या शेडमध्ये हिशेब लिहितो, संध्याकाळी येऊन भाकरी थापतो. (गोल होत नाहीत. आप्पा तरी दोन खातात.) एक तारखेला भाडं देतो आणि वर पावती मागतो. सख्ख्या बापाकडं पावती! हाक मारून यायची अट मी मुद्दाम घातली होती, कारण म्हाताऱ्या माणसाला घरात एकट्यानं मोठ्यानं बोलायची सवय लागते, त्यात कुणी डोकावायचं कारण नाही. (आईशी बोलतात. वर सगळं ऐकू येतं. मी जिन्यावर थांबतो आणि बोलणं संपलं की हाक मारतो.)

तर गेल्या रविवारी आमचं वाजलं. करार संपत आला म्हणून हा विचारतो, "आप्पा, पुढं काय करायचं?" मी तावातावानं म्हटलं, नवा भाडेकरू बघतोय. ह्यानं नुसतं "बरं" म्हटलं. बरं! इचलकरंजीत मालक खोली देतोय म्हणे. दुसऱ्या दिवशी मी रागारागानं स्वतःच गुळाचा डबा काढायला स्टुलावर चढलो आणि डब्यासकट फरशीवर आलो. हा दाराबाहेर उभा. "आप्पा, आत येऊ काय?" मी मनात म्हटलं, पडलेल्या बापाला परवानगी कसली मागतोस? पुन्हा "आप्पा, येऊ काय आत?" मीही हट्टाला पेटलो, कण्हलोसुद्धा नाही. शेवटी मनगट ऐकेना आणि ओरडलो, "ये की मुडद्या!" (डबा पडल्याचा आवाज आला आणि मग आत सगळं शांत. दार उघडल्यावर काय दिसेल ह्या भीतीनं माझा पाय उचलेना. आईच्या वेळी मी सुट्टीला आलो होतो. तेव्हाही दार मीच उघडलं होतं.)

आता प्लास्टरमध्ये आहे. हा मला आंघोळ घालतो, सदऱ्याची बटणं लावतो. करारात ह्यातलं काहीच नाही. येत्या रविवारी मुदत संपते. ह्याची बॅग भरून झालीय. जाऊ दे, निदान घरात शांतता होईल.

तुझा शंकरप्पा

ता. क. खोली रिकामी होणार म्हणून बघायला वर गेलो. करार झाल्यापासून पहिल्यांदाच. सौंदर्याचा फोटो जमिनीवर, भिंतीला टेकवून ठेवलेला. माझ्या एका अटीपायी त्या माउलीला इतके महिने जमिनीवर बसवलं. मला फार लाज वाटली, म्हणून ह्याच्यावरच ओरडलो, खिळा का नाही ठोकलास? तर म्हणतो, "तुम्हीच तसं लिवलंय की."

आणखी एक. अक्का, रविवारी हुपरीहून पहिल्या बसनं ये. ह्याला म्हणावं, जाऊ नको. तुझं ऐकतो तो. मी सांगितलंय असं मात्र बोलू नकोस. (आत्या, हे सांगताना आप्पांनी तोंड भिंतीकडं केलं होतं. मी म्हटलं, लिहायचं राहिलं, पुन्हा सांगा. त्यांनी पुन्हा सांगितलं.)

सोमेशकडून ता. क. आत्या, तू ये, पण मला काही सांगायची गरज नाही. शेजारच्या गणपतरावांकडून हातोडी आणलीय. फोटो खाली स्वयंपाकघरात लावायचा ठरलाय. आप्पा डाव्या हातानं भिंतीवर खिळा धरून उभे आहेत आणि पत्र कधी संपणार म्हणून ओरडतायत.